गोदामातली मारामारी

तुम्ही अर्धा चहा बशीत तसाच ठेवलात आणि उठायला लागलात, बाबा. टपरीच्या बाकावर जागा होती, तरी तुम्ही सिनेमाच्या तंबूच्या खुंटीजवळ जमिनीवर बसला होतात, म्हणून उठायला वेळ लागला. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर, मग थोडं थांबणं. पंधरावीस माणसं तुमचं उठणं पाहत होती. मी बाकाच्या टोकाला होतो, तुमच्यापासून हातभर अंतरावर. मी हात दिला नाही. तुम्ही सरळ झालात, जेवढे व्हायचात तेवढे, आडतवाल्याच्या पुतण्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "न्हाई मालक. तसं काही न्हाई म्हणत तो. मी आपलं माझ्या मनानं बोललो."

हे वाक्य मी चाळीस वर्षांहून अधिक काळ जवळ ठेवलं आहे. तुमचं बाकीचं बोलणं फारसं आठवत नाही. तुमचा आवाज तर आता मनात आणू म्हटलं तरी येत नाही. पण हे वाक्य आहे तसं आहे, 'मालक' या शब्दासकट. कॉलेजात शिकवताना एखाद्या पात्राचा भित्रेपणा समजावून सांगायची वेळ आली, की मला उदाहरण शोधावं लागत नसे. ते मी वर्गात कधी बोलून दाखवलं नाही, एवढीच तुमच्यावर दया केली. तुम्ही गेलात तेव्हा अंगणात जमलेले लोक तुमच्या आवाजाबद्दल बोलत होते. अख्ख्या बाजारमैदानात शेवटच्या माणसाला बराबर ऐकू जायचा, म्हणत होते. मी ऐकत उभा होतो आणि मनात एकच शब्द जोडत होतो: पडद्यामागून.

तुमची जागा खरोखरच पडद्यामागे होती. त्या वर्षांत कराटेचे पिच्चर मोठ्या शहरांतून उतरत उतरत आपल्याकडे यायचे, दोनतीन वर्षं जुने होऊन, रेघा पडलेले. माणसं चिनी, बोलणं इंग्रजी, ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे. मारामारी समजायला भाषा लागत नाही असं गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या शेठला वाटलं होतं. पण औंढ्याच्या मुक्कामात लोकांनी अर्ध्यातच ओरडून विचारायला सुरुवात केली, याला काहून मारून राहिले. का मारतात हे कळल्याशिवाय आपल्याकडे कुणाला मारामारी बघवत नाही. म्हणून शेठनं आपल्या आखाडा बाळापुरात आल्यावर तुम्हाला धरलं. आडतीवर पोती वाहून तुमची कंबर गेलेली होती आणि जयंतीच्या जलशातला तुमचा आवाज सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. तुम्ही पडद्याच्या मागे उलट्या डब्यावर बसायचात, हातात माइक, पायाशी पाण्याचा तांब्या. तिथून मशीनपर्यंत एक सुतळी ताणलेली असायची आणि तिच्या टोकाला घुंगरू. तुम्ही सुतळी ओढली की ऑपरेटर इंग्रजी आवाज बारीक करायचा आणि तुम्ही बोलायला लागायचात. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. चेहरे बघून, हातवारे बघून तुम्ही गोष्ट रचत होतात. आणि मागच्या बाजूनं बसत असल्यामुळे सगळं चित्र तुम्हाला उलटं दिसायचं. लोकांनी उजव्या पायाची म्हणून वाखाणलेली लाथ तुमच्या लेखी डाव्या पायाची होती, आणि त्यावरून टपरीवर तुमची रोज टिंगल व्हायची.

घरी तुम्ही सराव करायचात. आई चुलीपुढे भाकरी थापत असते आणि तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ टेकून तिला खलनायकाच्या जागी धरता. तिच्या थापण्यावर तुमचे ठोसे बसतात. ती मान वर न करता म्हणते, हे न्हाई पटत, एवढं मारल्यावर माणूस एवढं लांबलचक बोलन का. मग तुम्ही वाक्य छाटता. तुमची सगळी चांगली वाक्यं अशी तिनं छाटायला लावलेली होती. त्या सुट्टीत मी नांदेडहून आलो होतो. बी.ए.चं दुसरं वर्ष, इंग्रजी घेतलेलं. तुम्ही मला एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिला होता, मधली काही पानं नसलेला, आणि त्याला तंबूच्या फाटक्या कापडाचं कव्हर स्वतः शिवलं होतंत. तो शब्दकोश मांडीवर घेऊन मी तुम्हाला सांगितलं की ज्या पोरीला तुम्ही नायकाची बायको करून टाकलंय ती त्याची बहीण आहे. तो तिला तसं स्पष्ट म्हणतो. तुम्ही रागावला नाहीत. रागावायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझं बराबर असंल. तुला कुणी विचारलं की तुझं खरं सांग. तवर मला माझं बोलू दे." आई हसली. मला ते हसणं लागलं. मी ठरवलं की हा माणूस अडाणी आहे आणि अडाणीपणाचं त्याला काही वाटत नाही.

तरी मी रोज तंबूत जात होतो, वाळूवर, पुढे, आपल्या वस्तीतल्या लोकांबरोबर. त्या मुक्कामातल्या चित्रात तीन मोठ्या मारामाऱ्या होत्या. एक लाकडी पुलावरची, एक तांदळाच्या गोदामातली आणि शेवटची देवळाच्या पायऱ्यांवरची. नायक बंदरावरचा हमाल. गोदामात तो दोन पोती पाठीवर घेऊन चाललेला असतो आणि मालकाची सात माणसं त्याला मागून मारायला लागतात. तो पोती टाकत नाही. हात वर अडकलेले, मान वाकलेली, समोरची फक्त जमीन दिसते. त्या जमिनीवर येणाऱ्या पायांच्या सावल्या बघून तो नुसत्या पायांनी लढतो. सातही जण पडतात. मग तो पोती एकेक करून, जणू आत कुणी निजलेलं आहे अशी, खाली ठेवतो आणि सबंध चित्रात पहिल्यांदा सरळ उभा राहतो. मालक दारात उभा आहे. कॅमेरा नायकाच्या तोंडावर येतो. आणि पडद्यामागून तुमचा आवाज येतो, नेहमीपेक्षा हळू: "पाठ वाकली ती पोत्यानं. तुमच्यानं न्हाई."

पहिल्या दिवशी तंबूत कुणी शिट्टी मारली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतले लोक ते वाक्य तुमच्याबरोबर म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आडतीवर एका हमालानं ज्वारीचं पोतं थप्पीवर टाकलं, कंबर सरळ केली आणि ते म्हणून दाखवलं. बाकीचे हसले. गादीवर बसलेल्या मुनिमानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत पोतं टाकणारा प्रत्येक जण ते म्हणत होता. हे मी तुम्हाला पळत येऊन सांगितलं तेव्हा तुमचं तोंड उजळलं नाही. तुम्ही विचारलंत, मुनीम काय म्हणला. तुमचं लक्ष कुठे होतं हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

शेठची एक रीत होती. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, खेळ संपला की, लोकांनी ठरवलेली एक मारामारी पुन्हा दाखवायची. तिला दुबार म्हणत. रिळांचे डबे दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं परत जायचे, तेव्हा एकदा शेवटचं बघून घ्यायचं. दुबार कुठली, हे त्या दुपारी टपरीवर ठरायचं. वाद मिटला नाही तर तुम्ही सांगाल ती, कारण सगळ्यांत जास्त वेळा तुम्ही पाहिलेली असायची. मैदान आडतवाल्याच्या मालकीचं होतं, म्हणून त्याच्या घरचं कुणीतरी येऊन बसत असे. त्या दिवशी पुतण्या आला. सातवीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. मला मास्तर म्हणायचा, तेव्हाही, काहीही नसताना.

तांड्यावरून बैल विकायला आलेला एक म्हातारा पुलाच्या बाजूनं होता. त्याचं म्हणणं असं, की पुलावर एकास एक आहेत. पायऱ्यांवर वीस जण एकेक करून मार खायला येतात. "बाकीचे काय रांगेत थांबले का? राशनचं दुकान हाय का ते?" लोक हसले. पुतण्या पायऱ्यांच्या बाजूनं होता: वाईट माणूस शेवटीच मरतो, मग त्याच्या आधीची मारामारी मोठी कशी. म्हातारा म्हणाला की मरायचं तर तो पुलावरच मरायला पाहिजे होता, दिग्दर्शकानं उगीच लांबवलं. टपरीवाल्यानं दोघांना चहा दिला आणि मत दिलं नाही. मग मी बोललो. वाद घालता येतो हे मला नुकतंच कळलं होतं. मी म्हणालो, पुलावर आणि पायऱ्यांवर नायक मोकळा आहे. मोकळ्या माणसानं लाथ मारण्यात विशेष काय. गोदामात त्याच्या पाठीवर ओझं आहे आणि ते टाकायची त्याला मुभा नाही. तांदूळ सांडला तर दोष त्याचा. अशी मारामारी फक्त हमालच लढू शकतो, तालमीतला पैलवान नाही. आणि म्हणून शेवटी तो सरळ उभा राहतो तेव्हा एकही ठोसा न मारता ती मारामारी जिंकतो. मी वाक्य म्हटलं नाही. बाकाच्या मागे उभ्या असलेल्या हमालांपैकी कुणीतरी ते हळूच म्हटलं.

पुतण्या हसत नव्हता. हे वाक्य पिच्चरमध्ये आहे का वस्तीत बनवलेलं, असा प्रश्न निघाला. आणि मग तुम्ही बशी खाली ठेवलीत, उठलात आणि जे म्हणालात ते म्हणालात.

पुतण्या म्हणाला, "मग मिटलं. पायऱ्या." तो जायला निघाला, पण हमाल अजून हलले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे बघत त्यानं तुम्हाला विचारलं, "अन् लाथ कंच्या पायाची असती, ते तरी बराबर सांगा आता."

तुम्ही म्हणालात, "मला डावा दिसतो."

सगळे हसले. म्हाताराही हसला. आपले लोकही हसले, कारण हसल्याशिवाय तिथून उठता येत नव्हतं. हे मला सगळ्यांत जास्त लागलं, बाबा. ज्यात काही जाणार नव्हतं त्या पायाच्या बाबतीत तुम्ही तसूभर हलला नाहीत. आणि ज्या वाक्यानं वस्तीतली माणसं तीन दिवस कंबर सरळ करून चालत होती, ते तुम्ही एका 'मालक' मध्ये देऊन टाकलंत.

संध्याकाळी मी तंबूत गेलो नाही. घरी बसलो. तंबूवरच्या कर्ण्याचा आवाज घरापर्यंत यायचा. पूल झाला. पोरगी झाली, तुम्ही तिला त्या दिवशी बहीण म्हणालात. मग गोदामातले ठोसे ऐकू आले, आणि ठोसे थांबले, आणि मी वाट पाहिली. कर्ण्यातून नुसती रिळाची खरखर येत राहिली. नंतर आईनं सांगितलं की पुढे वाळूवर बसलेले लोक तोंड उघडून थांबले होते.

त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. तुम्ही काढलं नाहीत, मी काढू दिलं नाही. मी सुट्टीला कमी कमी येत गेलो. नोकरी लागली तेव्हा तुम्हाला पोस्टकार्डावर कळवलं. तुम्ही आजारी असताना चार दिवस येऊन राहिलो, तेव्हाही आपण औषधांच्या वेळा आणि पावसाबद्दल बोललो. एकदा तुम्ही विचारलं होतंत, वर्गात किती पोरं असतात, अन् शेवटच्या पोराला ऐकू जातं का. मी म्हणालो, माइक असतो.

ही हकीकत मी बायकोला सांगितली आहे, मुलीला सांगितली आहे, दोनचार मित्रांना सांगितली आहे. नेहमी अशीच सांगतो. ऐकणारा तुमच्यावर चिडतो, मग आपली माणसं का वाकतात यावर थोडं बोलणं होतं, आणि मला बरं वाटतं. सांगताना मी एक गोष्ट गाळतो. 'प्रश्न निघाला' असं म्हणतो. वरही तसंच लिहिलं आहे. प्रश्न असा हवेतून निघत नाही. पुतण्यानं तो विचारला, आणि तुम्हाला विचारला नाही. मला विचारला.

तो म्हणाला, "मास्तर, तुला तर इंग्रजी येतं. तूच सांग. तिथं काय म्हणतो तो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हमालांनीही. त्या बाकावर त्या आधी मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. मी शहरात शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणालो, "तिथं तो काहीच बोलत नाही."

पुतण्याची मान हलली. त्याला तेवढं पुरेसं होतं. तुम्हाला कुणी काही विचारणार नव्हतं. तुम्ही गप्प राहिला असतात तरी वाद तिथंच संपला असता. तुम्ही बशी खाली ठेवलीत. मी खोटं बोलतोय असं तुम्ही म्हणू शकला असतात, आणि लोकांनी तुमचं ऐकलं असतं, कारण तीन दिवस ते तुमचंच ऐकत होते. मग वस्तीत मी बापाला खोटं पाडायला निघालेला पोरगा ठरलो असतो. तरीही 'मालक' म्हणायची गरज नव्हती. त्यावर मी आजही ठाम आहे.

आणि मी सांगितलं ते खरंही नव्हतं. गोदामात, तो सरळ उभा राहतो त्या जागी, इंग्रजी आवाज नाही, एवढं खरं. तिथं तुम्हाला सुतळी ओढावी लागत नसे. पण त्या माणसाचे ओठ हलतात. पाचसहा शब्द होतील एवढे हलतात. इंग्रजी करणाऱ्यांनी ते का सोडून दिले, ठाऊक नाही. मला पहिल्याच दिवशी ते हलताना दिसले होते. मी पुढे बसायचो. तुम्हाला मागून दिसले असणार. मी त्या दुपारी असं ठरवलं, की इंग्रजीत जे नाही ते बोललंच गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीनं ते चित्र शोधून काढलं. मूळ चिनी बोलण्यातलं, खाली अर्थाची अक्षरं. मी पूल पाहिला. म्हातारा म्हणत होता ते बरोबर होतं, एकास एक ती एकच आहे. लाथ उजव्या पायाची आहे. गोदाम सुरू झालं, तो पोती खाली ठेवायला लागला आणि मी बंद करायला सांगितलं. मुलगी म्हणाली, आता तो बोलेल, थांबा. मी म्हणालो, डोळे दुखतात. डोळे दुखत नव्हते. तो तिथं काय म्हणतो ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तुमच्यापेक्षा वेगळं म्हणाला असता तर मला आनंद झाला असता, याची भीती वाटली.

हे कागद शब्दकोशात ठेवणार होतो. त्याची शिवण सुटली आहे, आता आणखी काही मावणार नाही. खणात टाकतो. मुलीला दाखवणार नाही. तिला ही हकीकत जशी माहीत आहे तशी राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरला. शेठनं तुम्हाला सांगितलं की पुढच्या मुक्कामापासून सांगणारा नको, सगळं मनाचंच असेल तर लोक आपापल्या मनानं बघतील. तुम्ही डबा आणि तांब्या घरी आणून ठेवलात आणि तसेच पुन्हा पोती उचलायला आडतीवर गेलात. मी नऊच्या नांदेड गाडीनं निघालो. गाडी आडतीवरूनच जाते. मी पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसलो.